पालकांना कळवलं आहे

अलेक्झांड्रिया, मंगळवार, ७ ऑक्टोबर

इन्साफ,

फाडू नकोस. आधी वाच, मग हवं तर फाड. अडवायला मी तिथे नाही.

हे पत्र अस्तराच्या कापडात गुंडाळून इदकूच्या मायक्रोबसवाल्या मेतवल्लीकडे देतेय. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस आणि तुझा फोन तुझ्याआधी तुझा नवरा बघतो. शिवणाच्या पिशवीत मात्र रजब हात घालणार नाही, सुई टोचेल म्हणून. एवढा मोठा मच्छीमार, पण सुईला घाबरतो हे मला लग्नापासून माहीत आहे.

सहा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. का, तर बाबा गेले तेव्हा बायका सांत्वनाला बसल्या होत्या, तुझ्या मनगटाला पट्टी होती, आणि तू सांगत होतीस की छपरावर बदकांना दाणे टाकताना पाय घसरला. मी म्हटलं, बदकाचा हात बराच जड दिसतो. एवढंच म्हटलं. आजही तीच पट्टी बांधून समोर बसलीस तर तेच म्हणेन. पण ते उकरायला लिहीत नाही. युम्नासाठी लिहितेय.

परवा रविवारी तुझी लेक माझ्या खोलीत आली. माझी खोली म्हणजे विद्यापीठाचं ते केंद्र, घरात किंवा बाहेर मार खाल्लेल्या मुलींना मदत करणारं. तू त्याला ‘राविया घरं मोडते ती जागा’ म्हणतेस, हे माझ्या कानावर आलंय. तर ती जागा पूर्वी झेरॉक्सचं दुकान होती. अजूनही मुलं दार ढकलून विचारतात, एका पानाचे किती? आणि जिला खरंच आत यायचं असतं तीही आधी झेरॉक्सचंच विचारते. युम्नानेही विचारलं. सख्खी मावशी समोर बसलेली, आणि पोरगी विचारते, “इथे झेरॉक्स निघते का?” मी म्हटलं, “निघते. बस.”

आमचा एक नियम आहे. या खोलीत जे बोललं जातं ते बोलणारीच्या परवानगीशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही. आईकडेसुद्धा नाही. हा नियम मी नव्या लागलेल्या मुलींना इतकी वर्षं शिकवत आले, आता तो माझ्याच गळ्यात पडलाय. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने माझ्या हातून पेन काढून घेतलं आणि काट मारली. तू ते कागद उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करशील. नको करूस, मी वरून शाई फिरवलीय.

तिने सांगू दिलं ते असं. ती जेवतेखाते आहे. या गुरुवारी घरी येणार नाही. आणि हैसमला तिला न्यायला पाठवू नका. जूनमध्ये निकाह लिहिला गेला म्हणून तो दर गुरुवारी पिकअप घेऊन हॉस्टेलच्या दाराशी येतो, ते या आठवड्यात नको. का नको, ते तिला विचार. मला विचारलंस तर मला सांगता येणार नाही, आणि न सांगता मला बसवत नाही, म्हणून हे पत्र इथेच थांबवते.

राविया


अलेक्झांड्रिया, गुरुवार, १६ ऑक्टोबर

इन्साफ,

मेतवल्लीने पिशवी परत आणली. वर निरोप, “अस्तर काळं हवं होतं, तपकिरी नको.” मी विचारलं, उस्ता, आणखी काही म्हणाली? तो डोकं खाजवत म्हणाला, “हो, तीन मीटर पाठवा म्हणाल्या.” धन्य आहे तुझी. पोटच्या पोरीबद्दल पत्र आलं आणि तुला अस्तराचा रंग दिसला.

काळं पाठवतेय, तीन मीटर. आता वाच. आज युम्नाने एकही काट मारली नाही, कारण तिला पेन धरता येत नाही.

आधी पहिलं सांगते. गेल्या महिन्यात ती प्रयोगशाळेत असताना हैसमचा फोन आला. तिने उचलला नाही. तिथे उचलायची परवानगी नसते, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षात आहे ती, लोणच्याच्या दुकानात नाही. संध्याकाळी त्याने समुद्रकाठच्या रस्त्यावर गाडी थांबवून तिच्या कानाखाली मारली. त्या कानाने तिला अजून नीट ऐकू येत नाही. म्हणून ती माझ्याकडे आली होती, आणि हेच तिने मागच्या पत्रात खोडलं होतं.

तिला दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं, त्याला पत्ता लागू न देता. आमच्या प्रमुख डॉ. सफिनाज. त्या रसायनशास्त्राच्या, केंद्र त्यांना बढतीसोबत मिळालं, आणि त्यांनी येऊन पहिलं काम केलं ते भिंतीवर गुलाबाच्या फुलांची पोस्टरं लावायचं. पण सही लगेच केली, खोटं कशाला बोलू. अशा बदलीचं खरं कारण आम्ही हॉस्टेलला कधी सांगत नाही, मुलीची चर्चा होऊ नये म्हणून. आमचं ठरलेलं कारण आहे, ‘भिंतीला ओल’. आजवर इतक्या मुली आम्ही ओलीपायी हलवल्या आहेत की त्या इमारतीत आतापर्यंत मासे फिरायला हवे होते.

हॉस्टेल बघते मॅडम तहानी. तीस वर्षं बघतेय. आठ वाजता फाटक बंद म्हणजे बंद, आणि पुरुषाला, मग तो मुलीचा बाप का असेना, फाटकाच्या आत पाऊल टाकायची सोय नाही. तिने युम्नाला त्याच दिवशी खिडकीजवळची कॉट दिली, स्वतःच्या घरची रजई दिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे, पालकांना फोन करून नवी इमारत आणि खोली कळवली. पोरगी आजारी पडली, जेवली नाही, खोली बदलली, की तहानीचा फोन जातो. तुझ्यासारख्या गावाकडच्या आयांना त्या फोनच्या भरवशावरच मुली शहरात ठेवायचा धीर होतो.

आणि युम्नाचे पालक कोण? निकाहाचा कागद घेऊन तुझा नवरा जूनमध्ये स्वतः आला होता. “आता ती तिच्या नवऱ्याची जबाबदारी,” म्हणाला आणि पालक म्हणून पुतण्याचं नाव लावून गेला. मुलगी अजून तुमच्या घरची, पाठवणी फेब्रुवारीत, आणि हॉस्टेलच्या लेखी ती हैसमच्या ताब्यात.

तासाभरात तो हजर. तहानीसाठी बसबूशाचा, त्या रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन. तिने युम्नाला खाली बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याबरोबर सोडलं.

मी पोचले तेव्हा तहानी टेबलामागे बसून तो बसबूसा खात होती.

“राविया, मी काय चोराच्या हाती किल्ली दिली? नवरा आहे तिचा.”

“तिला हलवलं कशाला होतं, तहानी?”

“ओल होती म्हणून.”

तिने चमचा खाली ठेवला.

“ओल नव्हती?”

“नव्हती.”

“आणि आधीच्या त्या सगळ्याजणी? त्यांच्याही खोलीत नव्हती?”

“नव्हती.”

“मी प्रत्येकीच्या घरी फोन केलाय, बाई,” ती म्हणाली.

आम्ही कुणाला कळू दिलं नाही म्हणून आमचीच पाठ थोपटत होतो, आणि हिने प्रत्येक नव्या खोलीचा नंबर इमानेइतबारे घरी कळवला होता.

युम्ना परत आली ती उजवा हात ओढणीत गुंडाळून. त्याने मोबाईल मागितला, तिने दिला नाही, त्याने गाडीचं दार आपटलं तेव्हा तिचा हात मध्ये होता. दोन बोटं मोडलीत. दवाखान्यात तिने सांगितलं, वाऱ्याने दार लागलं. त्या दिवशी शहरात पान हलत नव्हतं, इन्साफ. असं सांगायला ती कुठे शिकली ते मी लिहीत नाही.

फोन कर. नाहीतर ये. पण अस्तराबद्दल निरोप पाठवलास तर मी ते सगळं कापड समुद्रात टाकीन.

राविया


अलेक्झांड्रिया, रविवार, २६ ऑक्टोबर

इन्साफ,

फोन नाही, निरोप नाही, पिशवीही परत नाही. म्हणजे काळं पसंत पडलं असं मी धरते.

इकडे काय चाललंय ते ऐक. पोलीस ठाण्यात गेलो होतो. तिथल्या साहेबाने निकाहाचा कागद बघितला, युम्नाचं प्लास्टर बघितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, तुम्ही मोठ्या आहात. घरात मिटवा.” मी म्हटलं, घरातल्यानेच तर मोडली. त्याने शिपायाला पुढच्या माणसाला बोलवायला सांगितलं.

मग आमच्या केंद्राने एक नियम पाळला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच पाळला. नातेवाईक असलेल्या कर्मचाऱ्याने प्रकरण हाताळू नये. मला बाजूला केलं आणि प्रकरण डॉ. सफिनाज यांनी स्वतः घेतलं. त्यांनी काय करावं? सलोख्याची बैठक बोलावली. मारणारा आणि मार खाणारी, एका टेबलाशी, गुलाबांच्या पोस्टरखाली. शिपाई रजेवर होता, म्हणून चहा न्यायला मला बोलावलं. प्रकरणात मी चालत नाही, ट्रेमागे चालते.

हैसम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, अत्तराचा भपकारा जिन्यापर्यंत. मला बघून उठून उभा राहिला. “मावशी, कशा आहात?” कुणीही म्हणेल, काय गुणाचा मुलगा.

सफिनाजबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं मला माझ्या मुलांसारखी. नवं नातं आहे, एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो.”

“डॉक्टर, माझा जीव आहे हिच्यावर,” हा म्हणतो. “म्हणूनच तर राग येतो.”

“बघ युम्ना, किती मनापासून बोलतोय तो.”

युम्नाने कप उचलला. “डॉक्टर, मला चहा डाव्या हाताने प्यावा लागतोय.”

“अगं, होईल बरं.”

“बोटं याने मोडली. वाऱ्याने नाही. दवाखान्यात मी खोटं बोलले.”

हैसमने माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाला, “मावशी, हे तुमचं शिकवणं.”

“मी चहा द्यायला आलेय,” मी म्हटलं.

शेवटी काय ठरलं असेल? प्रकरण कौटुंबिक आहे, दोन्ही बाजू ऐकल्या, सलोख्याची आशा आहे. हातात ट्रे होता म्हणून मी गप्प बसले. ट्रे नसता तर आज मला नोकरी नसती.

आता जे खरं कठीण आहे ते नीट वाच, दोनदा वाच. दवाखान्यातल्या डॉक्टरने युम्नाला तीन आठवडे विश्रांती लिहून दिलीय. हॉस्टेल अशा मुलीला ठेवून घेत नाही, पालकांबरोबर घरी पाठवतं. हैसमने लगेच सांगितलं, मी घेऊन जातो. दोनदा आला. तहानीने एकदा शिक्का हरवल्याचं सांगितलं, एकदा हॉस्टेलचे साहेब जागेवर नसल्याचं. आता साहेबांनीच लिहून दिलंय, येत्या रविवारी, २ तारखेला सकाळी मुलीला पालकांच्या हवाली करा. तो तिला तुमच्याकडे आणणार नाही. थेट त्याच्या आईच्या घरी नेणार, दोघांसाठी ठेवलेल्या त्या वरच्या मजल्यावर. बैठकीतून उतरताना म्हणालाच, “फार्मसीचं फेब्रुवारीनंतर बघू.” एकदा ती त्या जिन्यावर चढली की कॉलेज संपलं आणि तीही संपली.

तू म्हणशील, तुझ्या घरी घेऊन जा ना. मावशी हॉस्टेलच्या लेखी पालकांत बसत नाही, मी विचारून झालं. ती फाटकातून नुसती चालत माझ्याकडे राहायला आली तर संध्याकाळपर्यंत तो पालक म्हणून पोलिसांत जाईल, हॉस्टेलची जागा जाईल आणि इदकूत सगळ्यांच्या तोंडी एकच होईल, रजबची मुलगी पळाली.

पालक बदलू शकतात दोघंच. बाप किंवा आई. स्वतः येऊन, ओळखपत्र दाखवून. आई पालक झाली आणि ‘मुलगी इथेच राहील’ म्हणाली, की हैसमला फाटकाबाहेर उभं राहण्यापलीकडे काही करता येत नाही. पुढचं, निकाह मोडायचं, वकिलाचं, ते मी बघते. त्यासाठी तुझी गरज नाही. रविवारसाठी आहे.

तू माझ्याशी बोलू नकोस. माझ्याकडे बघूही नकोस. मी त्या दिवशी गल्ली बदलून जाते हवं तर. फक्त ये.

राविया


अलेक्झांड्रिया, गुरुवार, ३० ऑक्टोबर

इन्साफ,

अखेर तुझा निरोप आला, आणि तो असा. मेतवल्ली बिचारा शब्द पाठ करत आला होता. “बहिणीला सांग, माझ्या मुलीचं डोकं फिरवू नकोस. नवऱ्याशिवाय एकटी राहते म्हणून सगळ्यांनी राहावं असं नसतं. वरच्या मजल्याला रंग देऊन झालाय. फ्रिजही चढवला.”

मी विधवा आहे, इन्साफ. माझा नवरा मी टाकला नाही, तो हृदयविकाराने गेला, आणि जाईपर्यंत त्याने माझ्या केसाला धक्का लावला नाही. हे तुला माहीत आहे. पण तुला टोचायचं होतं, टोचलंस. बरं.

आणि फ्रिज चढवला म्हणजे काय? तीन मजले फ्रिज चढवला म्हणून आता त्याच्यामागोमाग मुलगीही चढवायची? फ्रिज उतरवता येतो. मजूर मी पाठवते इथून.

तुला कसली भीती वाटते ते मला कळत नाही असं नाही. पाठवणीच्या आधीच कागदावर घटस्फोटित होईल, वीस वर्षांची पोर, मग तिला कोण विचारणार. रजबचा भाऊ तोंड फिरवेल, दोघांची एक होडी आहे, तिची वाटणी होईल. सासू रोज सकाळी तुला सुनावेल. आणि रजब काय करेल ते तू मला सांगायला नको, मी तुला सांगायला नको. हे सगळं होणार. मी खोटी आशा दाखवत नाही. तरी ये, असं म्हणतेय.

मी हे लिहीत असताना युम्ना शेजारी बसलीय. म्हणाली, मावशी, तू नुसती ओरडतेस. आता मी सांगते ते लिही, मध्ये आपलं घालू नकोस. तर हे तिचं.

आई, लिहितेय मावशी पण बोलतेय मी. त्या वेळी छपरावर बदकं नव्हती. आजीने ती महिनाभर आधीच विकली होती. मला आठवतं, कारण त्यातलं एक माझं होतं आणि मी रडले होते. तू बायकांना सांगत होतीस तेव्हा मी दारात होते. मला वाटलं, मोठ्या बायकांनी असंच सांगायचं असतं. म्हणून मी वाऱ्याचं सांगितलं. मी तुला दोष देत नाही. मला त्या वरच्या मजल्यावर जायचं नाही. घटस्फोटित म्हणाले तरी चालेल. परीक्षेला लिहून देणारी मुलगी मिळते, मी विचारलंय. तू रविवारी आलीस तर फार बरं होईल. नाही आलीस तर मी फाटकापर्यंत जाईन, पण गाडीत बसणार नाही. मग काय होईल ते मला माहीत नाही. तुझ्या हातचे मासे खावेसे वाटतात.

यात मी एक शब्द घातलेला नाही. जीभ चावून बसले होते.

राविया


अलेक्झांड्रिया, मंगळवार, ४ नोव्हेंबर

इन्साफ,

तू आलीस आणि माझ्याशी बोलली नाहीस. काय बाई आहेस तू.

त्याची पिकअप सकाळपासून फाटकासमोर उभी होती. मी समोरच्या फुटपाथवर, रसवाल्याच्या गाडीमागे, तुला वचन दिल्याप्रमाणे. तू मायक्रोबसमधून उतरलीस तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. इतकी बारीक झालीस? हातात डबा होता. हैसम गाडीतून उडी मारून आला.

“काकू? तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी नेतोय ना तिला.”

तू चाल कमी केली नाहीस. तो तुझ्यामागून आत घुसायला लागला तर पहारेकऱ्याने त्याच्या छातीवर हात ठेवला. पुरुषाला आत जाता येत नाही. तहानीच्या त्या नियमाला मी आजवर किती नावं ठेवली होती, माझी मला आठवून लाज वाटली.

आतलं मला तहानीने सांगितलं. तू ओळखपत्र टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, मी आई. तिने विचारलं, पालक बदलायचं कारण? तू म्हणालीस, “भिंतीला ओल आहे.” तहानीने मान वर न करता तेच लिहून घेतलं. मला तेव्हा कळलं की तू एकूण एक पत्र वाचलं होतंस, आणि अस्तराचे निरोप पाठवत बसली होतीस.

युम्ना खाली आली. तू तिचं प्लास्टर उलटंपालटं करून बघितलंस आणि विचारलंस, “जेवलीस का?” ती रडली, तू नाही. मासे-भाताचा डबा तिच्या डाव्या हातात दिलास आणि निघालीस.

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी रस्ता ओलांडून आले. म्हटलं, “इन्साफ, राहा. निदान आजचा दिवस राहा.” हैसम तिथेच उभा राहून फोनवर बोलत होता, कुणाशी ते तुलाही कळत होतं आणि मलाही. तू माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणालीस, “दुपारच्या आत पोचायला हवं.” सहा वर्षांनी ऐकलेलं तुझं पहिलं वाक्य. मी तुझा हात धरायला हवा होता की नको, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतेय. तू मायक्रोबसमध्ये बसलीस, खिडकीशी, आणि समोर बघत राहिलीस.

काल सकाळी माझा फोन वाजला. तहानी. एकदम सरकारी आवाजात, “युम्ना रजब हिचे पालक बोलताय का?”

मी म्हटलं, “तहानी, मी राविया.”

“ते मला माहीत आहे. पालकांचा म्हणून तिच्या आईने हाच नंबर दिलाय. मोबाईल उघडला नाही, काही नाही, तोंडपाठ सांगितला. कळवायचं होतं, मुलगी रात्री जेवली. डब्यात काटे तेवढे राहिले.”

मी खुर्चीवर बसून रडले. मग तुझा राग आला. हा नंबर इतकी वर्षं तू बंद करून ठेवलास, ईदला फोन केला तरी उचलला नाहीस, आई आजारी असताना केला तरी नाही. आणि तो पाठ होता तुला. पाठ ठेवायला काही वाटलं नाही, उचलायला मात्र हात मोडला होता तुझा. हे मी तुझ्या तोंडावर म्हणणार आहे.

कारण आज सकाळी मी मेतवल्लीबरोबर पिशवी पाठवली होती, त्यात फक्त एक चिठ्ठी होती, ‘कशी आहेस?’ दुपारी त्याने ती जशीच्या तशी परत आणली. माझ्या डोळ्याला डोळा देईना. म्हणाला, “दार उघडलं नाही, बाई. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, जिन्यावरून पडलीय ती. परवापासून उठली नाही.”

हे पत्र मी स्टँडवर बसून लिहितेय. कुणाकडे देणार नाहीये, माझ्याच पर्समध्ये ठेवणार आहे. येताना मी तहानीला सांगून आले. ती म्हणाली, “फाटक मी बघते. तू जा.” आमच्या वकीलबाईला फोन केला, ती इदकूच्या ठाण्यावर मला भेटेल. तिथला साहेब मला घरात मिटवा म्हणाला तर मी त्याच्या टेबलावर बसून राहीन, सवय आहे मला. रजब दारात उभा राहिला तर राहू दे. मला आत यायचं नाहीये, तुला बाहेर काढायचंय. आमचं केंद्र फक्त विद्यार्थिनींसाठी आहे, तू त्यात बसत नाहीस. नाही तर नाही. माझ्या घरात दोन खोल्या आहेत.

गाडीत अजून तीनच माणसं आहेत. मेतवल्ली म्हणतो, भरल्याशिवाय निघत नाही. मी त्याला म्हटलं, “उस्ता, उरलेल्या सगळ्या जागा माझ्या. निघ.” त्याने गाडी सुरू केलीय आणि माझ्यासाठी थांबलाय, म्हणून अक्षर असं झालंय.

येताना त्यातली एक जागा तुझी.

राविया